ही गोळी कंबरेची की डोक्याची?

"ताई, नमस्कार. मी ५३ वर्षांची. घरातूनच पोळी-भाजीचे डबे देते, रोज दीडशेच्या वर पोळ्या लाटते. पाच वर्षं झाली, कंबर दुखतेय आणि कळ डाव्या मांडीतून खाली उतरते. ऐंशी पोळ्या झाल्या की बसावंच लागतं. एमआरआय काढला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, मणका झिजलाय, पण ऑपरेशनचं काही नाही. गेल्या महिन्यात त्यांनी 'ड्युलोक्सेटिन ३०' लिहून दिली आणि महिन्याने या म्हणाले. मुलाने मोबाइलवर पाहिलं, तर ती डिप्रेशनची गोळी निघाली. मला फार लागलं ताई. म्हणजे पाच वर्षं मी सोसतेय ते सगळे माझ्या मनाचे खेळ? जाऊबाई म्हणाल्या, या गोळ्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत. आमचे हे म्हणाले, तुला काय वेड लागलंय का. तरी मी दोन रात्री घेतली. मळमळलं. दुसऱ्या रात्री हात थरथरले, दरदरून घाम आला, छातीत धडधडलं. मग बंदच केली. पट्टी मेथ्यांच्या डब्यात ठेवून दिलीय. मला बीपीची गोळी चालू आहे. दुखण्यावर रोज संध्याकाळी मेडिकलमधून आणलेली ॲसिक्लोफेनॅक घेते आणि फारच झालं तर फॅमिली डॉक्टरांनी दिलेली ट्रॅमाडॉल, आठवड्यातून दोन-तीनदा. रात्री तीन-चारदा जाग येते. हल्ली उगीच रडू येतं, पण ते दुखण्यामुळे. घेऊ की नको, खरं सांगा."
— एक वाचक (नाव-गाव राखून)

ताई,

आधी तातडीचं सांगते. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती पट्टी पुन्हा सुरू करू नका. आणि त्यांना दोन्ही गोष्टी एका दमात सांगा: ड्युलोक्सेटिन दोन रात्री घेतली, आणि ट्रॅमाडॉलही अधूनमधून चालू आहे.

ट्रॅमाडॉलचं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. माझी नजर तिथेच अडकली. ही दोन्ही औषधं शरीरातल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. दोन्ही एकत्र आली की काही जणांना थरथर, घाम, धडधड, बेचैनी होते. जास्त झालं तर ताप चढतो, अंग ताठरतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, आणि मग घरी थांबून चालत नाही, लगेच रुग्णालय गाठावं लागतं. तुम्हाला त्या रात्री झालं ते यामुळेच झालं असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण त्या दिवशी ट्रॅमाडॉल घेतली होती का, ते नीट आठवा. हाडांच्या डॉक्टरांना फॅमिली डॉक्टरांची गोळी ठाऊक नव्हती, फॅमिली डॉक्टरांना हाडांच्या डॉक्टरांची नव्हती. दोन्ही ठाऊक असलेल्या फक्त तुम्ही, आणि तुम्हाला कुणी विचारलंच नाही.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे अठ्ठावीस वर्षं बसलेली फार्मासिस्ट आहे. तुमची कंबर मी तपासलेली नाही, त्यामुळे 'घ्याच' किंवा 'घेऊच नका' असं मी लिहिणार नाही. पण ही गोळी काय आहे, तिच्याकडून किती आशा धरावी आणि डॉक्टरांशी काय बोलावं, एवढं मनापासून सांगू शकते.

आता 'मनाचे खेळ' या शब्दांकडे येऊ. पत्रात तेच सगळ्यात जास्त दुखरं आहे.

घाईच्या वेळी तव्याचा चटका बसतो, आपण हात झटकतो आणि पोळी उलटतो. डबे गेल्यावर निवांत बसलो की मग तो चटका ठणकायला लागतो. तुम्हाला हे मी सांगायला नको. भाजलं तर तेव्हाच होतं. मग मधला अर्धा तास ते कुठे गेलं होतं? मेंदूकडून मणक्यात खाली उतरणाऱ्या काही नसा असतात. खालून वर चढणारी वेदनेची खबर त्या मणक्यातच दाबून धरतात. हे दाबून धरण्याचं काम नॉरॲड्रिनॅलिन आणि सेरोटोनिन या रसायनांवर चालतं. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की बऱ्याच जणांत ही दाब धरणारी व्यवस्था थकते आणि खालची खबर मोठी होऊन वर जाते. ड्युलोक्सेटिन तीच दोन रसायनं नसांच्या जोडावर जास्त वेळ टिकवून ठेवते. मनाच्या उदासीतही हीच दोन रसायनं गुंतलेली असतात, म्हणून एकच गोळी दोन्हीकडे चालते. मणका झिजलाय हे खरं, दुखतंय हेही खरं, आणि ही गोळी त्या दुखण्याच्याच वाटेवर काम करते.

कुणी म्हणेल, दुखणाऱ्या माणसाचं मन सुधारतं म्हणून त्याला दुखणं कमी वाटतं. ही शंका डॉक्टरांनाही होती. १९८७ साली अमेरिकेत मधुमेहामुळे पायांच्या नसा दुखणाऱ्या रुग्णांवर ॲमिट्रिप्टिलीन या जुन्या गोळीची चाचणी झाली. तीही नैराश्यासाठीच बाजारात आलेली गोळी. ज्यांचं मन उदास होतं त्यांना तर आराम पडलाच, पण ज्यांच्या मनाला काहीही झालेलं नव्हतं त्यांनाही पडला. तुमच्या गोळीची गोष्ट याहून सरळ आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ साली ड्युलोक्सेटिनला नैराश्यासाठी मान्यता दिली आणि त्याच वर्षी मधुमेहाच्या नसदुखीसाठीही दिली. २००८ साली फायब्रोमायल्जियासाठी, म्हणजे अंगभर जुनाट दुखत राहण्याच्या आजारासाठी दिली. २०१० साली जुनाट स्नायू-हाडांच्या दुखण्यासाठी दिली, आणि त्यासाठीचे अभ्यास कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज या दोन दुखण्यांवरच झाले होते. तुमच्या मुलाने मोबाइलवर पहिली ओळ वाचली. त्याला म्हणावं, पुढच्याही वाच.

माझ्या आईचं सांगते. ती ७१ वर्षांची असताना तिला डाव्या बरगडीवर नागीण उठली. फोड पंधरा दिवसांत सुकले, पण आग गेली नाही. ब्लाउजची शिवण टेकली तरी ती कळवळायची. बाबांचा जुना, धुऊन धुऊन विरलेला सुती सदरा घालून ती दिवसभर बसून असायची, तोही डाव्या बाजूने दोन बोटं अंगापासून उचलून धरलेला. डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम दिली. (नागिणीनंतरच्या आगीवर ही गोळी चालते हे १९८२ सालापासून चाचण्यांत दिसलेलं आहे.) आईने पाकिटावरचं वाचलं आणि तीन आठवडे गोळीला हात लावला नाही. "मला काय डोक्याचा आजार झालाय का?" हेच तिचे शब्द. आणि मी, जिने खिडकीतून हीच गोळी हजारो जणांना दिली होती, ती तिला नीट उत्तर देऊ शकले नाही, कारण तोवर मी कुणालाच ते दिलेलं नव्हतं. 'रात्री एक' म्हणून पाकीट पुढे सरकवायचं, एवढंच. कितीजणींनी घरी जाऊन ते डब्यात ठेवलं असेल, हे आता मनात येतं.

शेवटी तिने घेतली. दहा दिवसांनी ती पहिल्यांदा रात्रभर झोपली. मग डोस २५ वर नेला. आग निम्म्यावर आली, पण तोंडाला कोरड पडली, पोट साफ होईना, आणि एके रात्री बाथरूमला उठताना घेरी येऊन पडली. मनगट मोडलं. डोस परत १० वर आणला. दीड वर्षाने हळूहळू कमी करत बंद केला आणि ती बंदच राहिली. या गोळीने तिला झोप दिली आणि मनगटही मोडलं. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही सांगितलं.

आता गुण किती येतो ते. इथे मला तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कंबरदुखी आणि गुडघेदुखीवरच्या अशा गोळ्यांच्या ३३ चाचण्यांचा एकत्र आढावा छापून आला. ड्युलोक्सेटिनच्या गटातल्या गोळ्यांनी कंबरदुखीत औषध नसलेल्या नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा जास्तीचा जो आराम दिला, तो शंभरच्या मोजपट्टीवर सरासरी पाचेक गुणांचा होता. फार नाही. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने सगळ्या प्रकारच्या जुनाट दुखण्यांचा मोठा आढावा घेतला, १७६ चाचण्यांचा. त्यात सगळ्यात भरवशाचा पुरावा ड्युलोक्सेटिनच्या बाजूने निघाला आणि ६० मिलिग्रॅमच्या वर डोस नेऊन जास्त फायदा दिसला नाही. पण त्या चाचण्या सरासरी दहा आठवड्यांच्या होत्या. वर्षानुवर्षं घेतल्यावर काय, याचा भक्कम पुरावा कुणाकडेच नाही.

सरासरी म्हणजे तुमचं भविष्य नव्हे. कुणाचं दुखणं निम्म्यावर येतं, कुणाला काडीचाही फरक पडत नाही, आणि या दोघांची बेरीज-भागाकार होऊन तो पाचाचा आकडा बनतो. तुम्ही कोणत्या बाजूला पडाल हे घेऊन पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नाही. म्हणून या गोळीकडे जन्माची गाठ म्हणून बघू नका. मुदत ठरवून केलेली परीक्षा म्हणून बघा.

आणि तोलायचंच तर दोन्ही पारडी भरा, ताई. एका पारड्यात ही नवी गोळी आहे, जिची सगळ्या घराला धास्ती आहे. दुसऱ्या पारड्यात तुम्ही आज जे घेताय ते आहे, आणि त्याची धास्ती कुणालाच नाही. ॲसिक्लोफेनॅक रोज, चिठ्ठीशिवाय, बीपीच्या गोळीच्या जोडीने. अशी वेदनाशामकं रोज घेतली की जठराला जखमा होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, बीपी वाढतो आणि बीपीच्या गोळीचा असर कमी होतो. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनीन शेवटचं कधी तपासलं? तपासलं नसेल तर ड्युलोक्सेटिन घ्या अगर न घ्या, ही तपासणी करूनच घ्या. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ड्युलोक्सेटिनही चालत नाही, म्हणजे तो आकडा दोन्ही पारड्यांसाठी लागणार आहे. शिवाय ॲसिक्लोफेनॅक आणि ड्युलोक्सेटिन एकत्र घेतल्या तर आतून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काळी शी झाली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

सवयीचंही तसंच. जाऊबाई ज्या गोळीला घाबरतात तिची ओढ लागत नाही, ती मिळाली नाही म्हणून जीव कासावीस होत नाही, वाढवत वाढवत न्यावी लागत नाही. मात्र ती एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास काही दिवस होतो. म्हणून सोडताना डॉक्टरांच्या सांगण्याने पायरीपायरीने उतरायचं. जाऊबाईंनी ज्यांच्याविषयी ऐकलं, त्यांची गोळी कुणीतरी अशीच अचानक थांबवली असेल, त्रास झाला असेल आणि 'बघा, सुटत नाही' असा निष्कर्ष निघाला असेल. खरी सवय लागू शकते ती ट्रॅमाडॉलची. अफूच्या जातकुळीतली आहे ती. २०१८ पासून आपल्याकडे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. तुमच्या घरात तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही.

ड्युलोक्सेटिनचा त्रास काय होतो? मळमळ सगळ्यात जास्त, बहुतेकांना पहिले आठ-पंधरा दिवस. जेवणानंतर घेतली तर ती कमी होते. कॅप्सूल उघडून आतले दाणे पाण्यात किंवा दह्यात टाकायचे नाहीत, त्या दाण्यांना आवरण असतं आणि ते आतड्यात पोहोचेपर्यंत टिकायला हवं. तोंड कोरडं पडतं, झोप येते किंवा उडते, बद्धकोष्ठ होतं, आणि घाम. तुम्ही तर शेगडीसमोर उभं राहून काम करता, तेव्हा घामाचं आधीपासून लक्षात ठेवा, पाणी जवळ ठेवा. बीपी थोडा वर जाऊ शकतो, पहिल्या महिन्यात दोन-तीनदा मोजून घ्या. नवरा-बायकोच्या संबंधातली इच्छा कमी होऊ शकते. हे कुणी सांगत नाही आणि बाई विचारत नाही, म्हणून मी लिहितेय. यकृताचा आजार, काचबिंदू, किंवा पूर्वी कधी मन फार चढून गेल्याचा, दिवसेंदिवस झोपेची गरजच न वाटल्याचा प्रकार तुमच्यात वा घरात असेल तर तो आधी सांगायचा.

डॉक्टरांनी हे सगळं ऐकूनही 'घ्या' म्हटलं, तर पुढचं मी माझ्या बहिणीला सांगेन तसं सांगते. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा, आयुर्वेदिक चूर्णसुद्धा, आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. विचारा: ट्रॅमाडॉलचं काय करू? ॲसिक्लोफेनॅकऐवजी काय घेऊ? ३० वर किती दिवस, ६० वर कधी? आणि गुण आला नाही तर कोणत्या तारखेला थांबायचं? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. साधारणपणे पूर्ण डोसवर सहा ते आठ आठवडे पुरतात. त्या तारखेला फरक नसेल तर ती उतरवत बंद करायची. फरक नसताना नुसती चालू राहिलेली गोळी मी खिडकीतून वर्षानुवर्षं दिलीय, आणि त्याचं मला वाईट वाटतं. थरथरीमुळे किंवा दुसऱ्या कारणाने डॉक्टर ही गोळी नकोच म्हणाले, तर वाईट वाटून घेऊ नका. दुसरे उपाय आहेत, आणि ते कोणते हे तिथेच विचारून घ्या.

फरक मोजायचा कसा? 'दहापैकी किती दुखतं' हे रोज विचारलं की माणूस गोंधळतो. तुमच्याकडे त्याहून चांगलं माप आहे, तुम्हीच पत्रात दिलंय: ऐंशी पोळ्या. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये दुधाचा हिशेब लिहिता तिथेच रोज दोन आकडे लिहा. कितव्या पोळीला बसावं लागलं, आणि रात्री कितीदा जाग आली. सुरू करण्याआधीचा एक आठवडाही लिहा. आठ आठवड्यांनी ऐंशीचे एकशे दहा झाले असतील आणि चारदाची जाग दोनदावर आली असेल, तर तो फरक कुणाच्या मताचा राहत नाही, ना डॉक्टरांच्या, ना जाऊबाईंच्या.

गोळीबरोबर कंबरेचं कामही करावंच लागेल. फिजिओथेरपिस्टला एकदा तुम्ही पोळ्या लाटता ती जागा दाखवा, मोबाइलवर व्हिडिओ काढून नेलात तरी चालेल. ओट्याची उंची, एक पाय पाटावर टेकवून उभं राहणं, दर तीस पोळ्यांनी दोन मिनिटं चालणं. ऐंशीव्या पोळीला कळ येऊन बसण्यापेक्षा तिसाव्याला आपणहून थांबलेलं बरं. दुखणं थोडं उतरलं की व्यायाम जमतो, आणि जुनाट कंबरदुखीत लांबवर उपयोगी पडतो तो व्यायामच. गोळीचा खरा उपयोग मला तिथे दिसतो, हालचालीला वाट करून देण्यात. पायातली शक्ती कमी वाटली, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर मात्र गोळ्यांचा विचार सोडून त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आता ते रडू. तुम्ही लिहिलंय, 'ते दुखण्यामुळे'. असेलही. पाच वर्षं कंबर दुखणारी, रात्री चारदा उठणारी आणि तरीही सकाळी दीडशे पोळ्या लाटणारी बाई रडली तर त्यात नवल काय? पण तेही डॉक्टरांना सांगा. कंबरदुखी खरी आहे हे सिद्ध करायला मन ठणठणीत आहे असं दाखवायची गरज नाही. दोन्ही दमलेली असू शकतात, आणि ही गोळी लागू पडली तर दोन्हीला आधार देऊ शकते. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जीव फार अस्वस्थ झाला, जगू नये असं मनात आलं, तर ते गिळून टाकू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांना सांगा. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

यजमानांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा. वेड लागलंय का, हा प्रश्न त्यांनी तुमच्याऐवजी डॉक्टरांना विचारावा. उत्तर त्यांच्या कानांनी ऐकलं तर घरी तुम्हाला भांडावं लागणार नाही. निर्णय मात्र तुमचा. कंबर तुमची आहे, रात्रीची जाग तुमची आहे.

आणि निघताना मेथ्यांच्या डब्यातली पट्टी त्या पिशवीत टाका. दोन घेतल्या, बाकीच्या तशाच आहेत, हे लपवू नका. का थांबवली तेही सांगा, थरथरीसकट.

तुमची,
ताई